नवरोजला येऊ नका, चेहरा बरा नाही

मुनिसाच्या बाबांना,

उरगुतहून ओयदिनचा आदरपूर्वक सलाम. कझानच्या थंडीत तुम्ही खुशाल असाल, गुडघा दुखत नसेल आणि मी विणून पाठवलेले लोकरी मोजे तुमच्याच पायात असतील (मागचे तुमच्या खोलीतल्या सोबत्याच्या पायात फोनवर दिसले होते. बोलले नाही, पण पाहिलं). इकडे आईंचा रक्तदाब ठीक आहे, जीभ त्याहून ठीक आहे. मुनिसाचा पुढचा दात पडला. अंगणातला जर्दाळू फुलायला आलाय.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर गेले तीन आठवडे फोनवर तुम्हाला आपल्या घराचं नुसतं छत दिसतंय, ते कॅमेरा बिघडला म्हणून नाही. बिघडले आहे मी. आणि म्हणूनच हात जोडून विनंती करते, की नवरोजला येऊ नका. "मुकादमाला विचारून येतो की राहतो ते कळवतो," म्हणाला होतात ना? खुशाल राहा. पानगळीपर्यंत राहा.

यात दोष सगळा तुमचा. जानेवारीअखेर फोनवर तुम्ही म्हणालात, "चेहरा जरा सुजल्यासारखा दिसतोय गं." एवढं बोलून तुम्ही जेवायला निघून गेलात, आणि मी ते वाक्य घेऊन बसले. चौदा महिन्यांनी माणूस घरी येणार आणि दारात त्याला काय दिसणार, तर सूज! नेमक्या त्याच आठवड्यात मखफुजा वन्सं ताश्कंदहून आल्या (तुमची बहीण आहे म्हणून मी काही बोलत नाही). त्यांनी बाजारात खरबूज पारखावं तशी माझी हनुवटी धरून उजेडात फिरवली आणि निदान केलं, "वहिनी, ही सूज गव्हाची. ग्लूटेन बंद करा, तीन आठवड्यांत चेहरा आरसा होतो की नाही बघा."

ग्लूटेन म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही, पण कुठे असतं ते लगेच कळलं. आपण जे जे आवडीने खातो त्या सगळ्यात असतं. नान गेला, सामसा गेला, मांती गेली, लगमानच्या शेवया गेल्या. सकाळी गल्लीच्या तोंडाचा तंदूर तापला की मी खिडकी लावून घ्यायची. तरी वास यायचाच. तुम्ही होतात तेव्हा गरम नान जाकिटाच्या आत छातीशी धरून आणायचात, आणि मग दिवसभर तुमच्या शर्टावरचे तीळ झाडायचं काम माझं. ते जुनं जाकीट कपाटात आहे. त्या दिवसांत मी कपाटही उघडत नव्हते.

मग खायचं काय? वन्संनी तांदळाच्या फुगवलेल्या चकत्या आणल्या होत्या. त्या तोंडातच विरतात, पोटाला पत्ता लागत नाही. भूक मात्र राहते. म्हणून मनुका, त्यावर अक्रोड, त्यावर खडीसाखर, आणि आटवलेलं दूध डब्यातून चमच्याने (डबा वाचून पाहिला, गहू नाही). शिवाय दुंबा मेंढ्याच्या चरबीतला पलाव आठवड्यातून पाच वेळा. दहाव्या दिवशी हनुवटीवर एक पुळी आली. बाराव्या दिवशी तिने नातेवाईक बोलावले आणि सगळे गालावर बिऱ्हाड करून राहिले. आपल्याकडे यांना हुस्नबुझार म्हणतात, रूपाचा सत्यानाश करणारे. नाव ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलंय. पण ते सोळाव्या वर्षी येतात हो, चौतिसाव्या नाही! वन्संना फोन केला तर म्हणाल्या, "विष बाहेर पडतंय वहिनी, पडू दे." (भरवलं कोणी, हे मी विचारलं नाही.)

अशा चेहऱ्याने मी शेजारच्या साबोहत-आपांच्या नातवाच्या पाळण्याला गेले. त्यांनी स्वतः नान मोडून माझ्यापुढे धरला आणि मी, मूर्ख, "नको" म्हणाले. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती सगळ्या बायकांचे हात थांबले. मग एकेकीची नजर माझ्या गालांवरून सावकाश पोटावर उतरली. "डोहाळे लागले वाटतं," कोणीतरी कुजबुजलं. तुम्ही चौदा महिने कझानला! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात आईंनी चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "माझा मुलगा कर्तबगार आहे, पण फोनवरून एवढं नाही जमत त्याला." सगळ्या खो खो हसल्या आणि विषय मिटला. पण बातमीला पाय असतात. ती माझ्या आधी तिकडे पोचू नये म्हणून हे पत्र घाईघाईने, तिकडेच निघालेल्या ताशपुलात-काकांबरोबर पाठवते आहे.

घरी येऊन रडले, हे खरं. रूपाची हौस कधीच नव्हती मला, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही जो चेहरा ठेवून गेलात तो होता तसा तुम्हाला परत द्यावा, एवढंच मनात होतं. तेव्हा आता पानगळीतच या. तोवर होईल ठीक. आमची काळजी नसावी.

आईंचे आशीर्वाद, मुनिसाचा पापा.

तुमची
ओयदिन

ता. क. आई शेजारी बसून सांगताहेत, "नवरोजला ये म्हणून लिही." त्यांचा शब्द मोडवत नाही म्हणून लिहिलं. माझं मत वर आहेच.

ता. क. दुसरा. एक कबुली द्यायची राहिली. जाताना ज्या नानचा तुम्ही एक घास दातांनी तोडलात, आणि "उरलेला तो परत येऊन खाईल" म्हणून आईंनी जो भिंतीवर टांगला, तो मी खाल्ला. परवा दुपारी घरात कोणी नव्हतं. स्टुलावर चढले, कडेचा तुकडा मोडला, चहात भिजवला. विटेसारखा झाला होता, पण भिजल्यावर नानच तो. काल आणखी थोडा. आईंना म्हटलं, उंदराने खाल्ला. त्या म्हणाल्या, "शहाणा उंदीर. स्टूल घेऊन आला."

ता. क. शेवटचा. तुमच्या दातांची खूण आहे तेवढा तुकडा मात्र शाबूत आहे. त्या खुणेवर मी माझे दात लावून पाहिले. बसले नाहीत. आता भिंतीवर तुम्हाला बोलावणारं काही उरलं नाही, म्हणून मीच बोलावते. वरची चारही पानं फाडून टाका आणि नवरोजला या. नाही आलात, तर नव्या नानला दात मी लावीन आणि माहेरी निघून जाईन. मग तो भिंतीवर टांगून रोज बघत बसायची पाळी तुमची.