पांडुरोगाची सुट्टी

प्रिय प्रवीण,

'प्रिय' हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं, लगेच हुरळून जाऊ नको. काल तुझी बहीण मयुरी भामरागडला आली. बिचारी घुग्घुसहून एवढ्या लांब, एस्टीत हाडं खिळखिळी करून घेत. दादाची मुख्याध्यापकाची नोकरी जाईल, तक्रार मागे घे, म्हणाली. मी तिला पोटभर जेवू घातलं आणि हे पत्र तिच्याच हाती देते आहे. सोमवारी विद्यापीठात समिती बसेल आणि कुणी कुणाचा लघुप्रबंध चोरला ते ठरेल. मले माझी पदवी पायजे. बाकी तुझं काय व्हायचं ते होवो.

आठवतं का रे, एम.ए. शैक्षणिक प्रशासनाच्या वर्गाला नेमानं आपण दोघंच यायचो? सर फळ्यावर नियोजन, नियंत्रण, पर्यवेक्षण लिहायचे आणि तू माझ्या वहीतल्या वेलांट्या दुरुस्त करायचास. मी 'मले' म्हटलं की 'मला म्हण' म्हणायचास. तेही मला गोड वाटायचं, जळो मेलं! आश्रमशाळांच्या सुट्ट्यांवर मी हातानं लिहिलेला अख्खा प्रबंध तुझ्याकडे टाइप करायला दिला आणि गावी आले. मग पर्लकोटा नदीला पूर आला, पूल बुडाला, मी इकडेच अडकले. पाणी उतरल्यावर पोचले, तर माझा प्रबंध तुझ्या नावानं जमा झालेला. कच्च्या टिपणांवरून मी पुन्हा लिहून दिला, तर नक्कलखोर मीच ठरले. विभागप्रमुख मॅडम सगळ्यांसमोर मला नाही नाही ते बोलल्या आणि तू खाली मान घालून बसलास. ते मी तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

आता काऊन लिहून राह्यली म्हणशील. तुझा छापील प्रबंध मी परवा ग्रंथालयात बसून वाचला. परीक्षकांनी तो उघडलेला दिसत नाही. आमच्याकडे नवं फळ, नवं धान्य खाण्याआधी सण करतात, त्याला पंडुम म्हणतात. त्या वेळी पोरं शाळा सोडून घरी पळतात, म्हणून तेव्हाच सुट्टी द्या, एवढंच माझं म्हणणं होतं. तुला वाटलं, दीपिकाचं शुद्धलेखन चुकलं. जिथे जिथे पंडुम, तिथे तिथे तू पांडुरोग केलंस! 'पांडुरोग आला की गावकरी ढोल वाजवून नाचतात.' 'आश्रमशाळांना पांडुरोगाची सुट्टी द्यावी.' अरे लेका, एकदा तरी विचारायचं होतंस! समितीला हे अजून ठाऊक नाही. माझ्यासोबत आमच्या गावची पूजा करणारे बिरजूमामा येताहेत. मी एवढंच मागणार आहे, की ते पान प्रवीणनं स्वतः उभं राहून मोठ्यानं वाचावं आणि मामांना समजावून सांगावं. छापलेलं आता तुला बदलता येत नाही. तरी आधी कळवते आहे, ते दयेपोटी नाही. सोमवारपर्यंत तुझ्या घशाखाली घास उतरू नये, एवढ्यासाठीच हे पत्र.

एके काळी तुझीच होती ती,
दीपिका