विटकरी डॅशबोर्ड

१६ मार्च, रविवार
सुनंदा (सु.) सकाळच्या एस.टी.ने पालघरला. शिक्षकांचं प्रशिक्षण, शनिवारी परत. जाताना सूचना : दूध उतू जाऊ देऊ नका, माझी आई येतेय तिच्या चहात साखर कमी, आणि गाडीला हात लावू नका. म्हटलं, मला चालवता येते कुठे? म्हणाली, "म्हणूनच सांगतेय."

गाडी तिची. दिवाळीनंतर स्वतःच्या पगारातून नाशिकहून जुनी घेतली. मी आणायला गेलो नव्हतो, ऑफिसात काम होतं (होतं का?). तेव्हापासून रोज ती चालवते आणि मी शेजारी डबा मांडीवर घेऊन जव्हारहून मोखाड्यापर्यंत, पाहुण्यासारखा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि बायकोच्या गाडीत काच खाली करायलाही मी विचारतो.

म्हणून ठरवलंय. बाहेरून गाडी छान विटकरी, आत मात्र सगळं राखाडी प्लास्टिक. एकदा घाटात म्हणाली होती, "आतूनही अशीच असती तर!" ती येईपर्यंत आतल्या पट्ट्या बाहेरच्या रंगाच्या करायच्या. बघतच राहील.

दुपारी सासूबाई आल्या साखरशेतहून, सोबतीला. माझ्या की गाडीच्या, ते विचारलं नाही.

१७ मार्च, सोम.
ऑ.तून येताना रंगाच्या दुकानातून शेडकार्ड आणलं. दारापाशी धरून पाहिलं. 'विटकरी' तंतोतंत! गाडीच्या कागदावर 'मरून' लिहिलंय. कागदावर काय, आमच्या आळीतल्या नळालाही रोज पाणी येतं. डोळ्याला दिसतं ते खरं.

दुकानदार म्हणाला, आधी गाडी धुवा, मग शेडकार्ड लावून बघा. त्याला काय जातंय सांगायला. इथे प्यायच्या पाण्याची ओरड. सु.चा नियमच आहे, माणसांना पुरेपर्यंत गाडीला पाणी नाही. घरी आल्यापासून फक्त कोरडं फडकं.

१८ मार्च, मंगळ.
रजा टाकली. कारण : घरगुती.
मोबाइलवर व्हिडिओ बघून पट्ट्या काढल्या. त्यातला माणूस दोन बोटांनी ओढतो आणि पट्टी हातात येते. मी ओढली, क्लिपा उडाल्या. एक सापडली सासूबाईंच्या पानदानात.
अंगणात सगळं मांडलेलं बघून त्या थबकल्या. "जावय, गाडीची आतडी काढलीस का रं?"
"सरप्राइज आहे, आई."
"असंल. सुनंदाला सांगू नाय ना?"
"अजिबात नाही."
"मी नाय सांगत. पन मी बगितलं हे बी नको सांगूस."
दिवसभर पॉलिश पेपर घासला. बोटांची सालं निघाली. आता उद्या हजेरीला अंगठा लागला नाही तर?

१९ मार्च, बुध.
रंगपंचमीची सुट्टी घेतली. सकाळी प्रायमर, मग रंग. ब्रशाचे ओघळ आले म्हणून दुकानातून स्प्रेचा डबा आणला, तोच विटकरी. काय बसला! लायसनची कुठलीही गरज नसलेलं काम मला जमतं, हे सिद्ध.
वाळायला पट्ट्या कपड्यांच्या दोरीवर टांगल्या. शेजारी सासूबाईंचं हिरवं लुगडं होतं, वारा होता. लुगड्याला आता विटकरी काठ आहे. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, शोभतोय." मोठ्या मनाच्या आहेत.

संध्याकाळी आळीतल्या पोरांनी पाण्याचे फुगे फेकले. एक बरोबर गाडीच्या दारावर. खाली ओघळ आला, काळपट लाल. पोरांच्या मागे धावलो. कसला पक्का रंग घातला होता पाण्यात! फडकं घेऊन डाग पुसायला लागलो तर डाग वाढत चालला. जितकं पुसावं तितका मोठा. अंधार पडला, उद्या बघू.

२० मार्च, गुरु.
उजेडात पाहिलं.
तो डाग नाही. तो गाडीचा रंग आहे. मरून.
विटकरी म्हणजे जव्हार-मोखाडा रस्त्याची धूळ. घरी आली तीच धुळीने माखून, मग रोज धूळ, पहाटेचं दव, वर ऊन, परत धूळ. पाच महिने. मी आतून गाडी धुळीला मॅच केली आहे.

पायरीवर बसून राहिलो. पट्ट्या मात्र सुरेख झाल्यात, हे मला तेव्हाही दिसत होतं आणि त्याने जास्त रडू येत होतं.

मरूनचा डबा दुकानात नाही, मागवायला आठवडा. शनिवारी सु. येणार. मग एकच उपाय. पडवीमागची तांबडी माती काढली, सु.च्या पिठाच्या चाळणीने चाळली, दारावर जरा पाणी शिंपडून हळूहळू थापली. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.
"लोकं गाडी धुतात, तू भुईसारखी सारवतोस."
"डाग झाकतोय, आई."
"मंग तिकडं पन थाप, कमी दिसतंय."
एकूण चांगली नजर आहे त्यांची.

२२ मार्च, शनि.
सकाळी पट्ट्या बसवल्या. दोन क्लिपांऐवजी चिकटपट्टी.
सु. चारला आली. बॅग खाली न ठेवताच गाडीचं दार उघडलं. मग आत बसली, डॅशबोर्डवरून हात फिरवला, दाराच्या पट्टीवरून फिरवला.
"तुम्ही केलंत?"
"हो."
"मला वाटायचं, माझी गाडी तुमच्या डोळ्यांत खुपते."
मी म्हणालो, खुपत नाही. नुसतं बसून राहायला आवडत नाही. हे मी कधी बोललो नव्हतो. उगाच खोकलो. ती बाहेर आली, दारावरून एक बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि पदराला पुसलं. आता बोलणार, म्हणून मी पायातली चप्पल न्याहाळली. पण म्हणाली, "चहा करते."

२७ मार्च, गुरु.
सु.ने शाळेतल्या बाईंना आतून गाडी दाखवली. त्या म्हणे, किती जुळलाय रंग! मी छाती काढून उभा.
जेवताना सासूबाईंना म्हणाली, "आई, पाडव्याला गाडी स्वच्छ धुऊन पूजा करू. दोन बादल्या बाजूला काढून ठेव." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भाताकडे.
झोप नाही. धुतली की बाहेर मरून, आत विटकरी. आत्ता कुठे मला त्या सीटवर बरं वाटायला लागलं होतं.

३० मार्च, रवि. पाडवा
गुढी उभारली. बादल्या दारात. सु.ने पदर खोचला. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर ती तांब्या घेऊन पुढे आली. आंब्याच्या पानाने नंबर प्लेटवर पाणी शिंपडलं, कुंकू लावलं, हार घातला. झालं.
"धुवायची होती ना?"
"पाण्याची ओरड आहे. राहू दे. असाच रंग छान दिसतो."
सासूबाई पदर तोंडावर धरून आत गेल्या.

मग सु.ने किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, "पुढच्या रविवारी शिरपामाळाकडे जाऊ. मोकळी जागा बघू. तुम्ही चालवा, मी शेजारी बसते."

किल्ली उशाशी ठेवून लिहितोय. एक गोष्ट आत्ता सुचली. गाडी आणायला नाशिकला मी गेलो नव्हतो, ती गेली होती. विकणारा जुनी गाडी धुऊन-पुसूनच दाखवतो.
विचारू का तिला? शेजारी जागीच आहे, छताकडे बघून हसतेय.
नको. पावसाला अजून दोन महिने आहेत.