होडीत पाय ठेवण्याआधी

लिहून ठेवणार: मी रंभाबाई मारुती नगरे, वय एकाहत्तर, शिक्षण चौथी (परीक्षेला बसले नाही), राहणार धरणाच्या काठावरची वस्ती, जेऊरजवळ, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांचं त्यात काही लिहिलेलं नाही, तेव्हा कुणी विचारू नये. हे मी कुणाच्या धाकाने लिहीत नाही. खुशीने लिहिते, आणि एक डोळा होडीकडे आहे, म्हणून अक्षर वाकडं. कायद्याचे शब्द नात ऋतुजाने सांगितले, बाकीचे माझे.

कारण असं की, मी आणि माझी विहीण नागव्वा, म्हणजे सुनेची आई, आम्ही दोघींनी मासे धरायला अंगणात लाकडी होडी तयार केली. माझा मुलगा युवराज म्हणाला, "आई, ह्या वयात पाण्यात जातीस? आदी मृत्युपत्र कर, मग जा." त्याला वाटलं, म्हातारी कागदाला भिईल. मी म्हटलं, "आण कागद!" सह्या झाल्या की होडी पाण्यात, असं त्याने चारचौघांत कबूल केलं आहे. तेव्हा भरभर आवरते.

१. राहतं घर माझ्या पश्चात युवराजचं. मात्र दारापासून पाण्यापर्यंतची उतरण मोकळी ठेवावी. तिथे मोटरसायकल लावायची नाही, धुवायची तर मुळीच नाही.

२. बँकेतली ठेव ऋतुजाची. लग्नासाठी म्हणून कुणी दाबून ठेवू नये. तिला वाटेल तिथे तिने उडवावी.

३. होडी. सांगाडा आणि फळ्या चन्नप्पा सुताराने ठोकून दिल्या. नागव्वा अक्कलकोटहून लेकीकडे राहायला आली होती, तिने फळ्या बघितल्या, पदर खोचला आणि म्हणाली, "विहीणबाई, हे मला येतंय की!" तिच्या माहेरी सगळे तळ्यावर मासे धरणारे. जुन्या गोधडीचा कापूस तेलात आणि राळेत भिजवून आम्ही फटींत कोंबला, वरून डांबर फासलं. मग आत पाणी भरून ठेवलं. कोरडं लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. युवराजने खाली थेंब बघितले आणि ओरडला, "आई, होडी गळतीया!" बिचाऱ्याने मायेपोटी सगळं पाणी उपसलं आणि होडी उन्हात खडखडीत वाळवली. नागव्वा कपाळाला हात लावून बसली. पुन्हा पहिल्यापासून. सबब, पाणी उपसायचा डबा मी युवराजला देते, पण विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

होडीतला माझा अर्धा हिस्सा नागव्वाला. दुसरा अर्धा तिचाच आहे. तिला पिवळा रंग हवा होता, मला हिरवा. युवराजच्या लग्नात मानाच्या साडीच्या रंगावरून आमचं बिनसलं होतं, म्हणून आताही कुणी मागे हटेना. शेवटी एक बाजू तिची, एक माझी. काठावरून बघणाऱ्याला जाताना हिरवी दिसणार, येताना पिवळी. लोक म्हणणार, म्हाताऱ्यांनी दोन होड्या केल्या! म्हणू देत.

४. सासूबाईंचं जातं. त्याचा वरचा दगड मी होडीचा नांगर केला आहे, मधल्या भोकातून दोर छान ओवला जातो. वर्षानुवर्षं भल्या पहाटे त्यांनी मला त्याच्यापाशी बसवून ठेवलं, आता मी त्याला धरणाच्या तळाशी बसवणार. हे जातं होडीबरोबरच जाईल, कुणी दळायला परत मागू नये.

५. वल्ही आणि जाळं ऋतुजाला. जाळ्याचे तरंगे घरातल्या जुन्या स्लिपरांचे कापले आहेत. एक जोड जुना नव्हता असं युवराजचं म्हणणं आहे. त्याची तक्रार इथे नोंदवली, भरपाई नाही.

६. साक्षीदार. नागव्वाला सही करायची होती, पण ज्याला मिळतं त्याने साक्षीला राहू नये, असं ऋतुजा म्हणाली. नागव्वा रुसून होडीच्या पलीकडे जाऊन बसली. चन्नप्पाने सही केली. दुसरे माझे धाकटे दीर आप्पा. ते म्हणाले, "नव्या होडीत बाईचा पाय पयला पडला तर मासा लागत न्हाय. आन् म्हातारपणी होडी करनारीला शाणी म्हणून मी सही करू व्हय?" मी म्हटलं, "भावजी, नका करू. काठावर बसून मासे मोजा." तिकडून नागव्वा ओरडली, "सुम्म कूड्री! गप बसा आन् सही करा!" आप्पांनी होडीला एक फेरी मारली, फटींवरून बोट फिरवलं, नांगर उचलून बघितला. मग पेन मागितलं.

युवराज आत्ताच ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब घेऊन आला आहे, माझ्या कमरेला बांधायला. त्याच्या अटीत ट्यूब नव्हती. पण त्याचे डोळे बघून मी बांधून घेतली. ट्यूब सांभाळून सही करते.

स्थळ: धरणाचा काठ, कागद होडीच्या फळीवर ठेवून
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५, सकाळ, वारा नाही

सही: रंभाबाई मारुती नगरे

साक्षीदार, आमच्या समक्ष सही केली:

१) चन्नप्पा सुतार

२) आप्पा नगरे. बाई शहाणी हाय. पयला पाय तिचा, दुसरा माजा.