शेवटचं पान आधी

४ जुलै, शनिवार
संकल्प: कन्येने दिलेली कादंबरी आठवड्यात पूर्ण वाचणे. पूर्ण म्हणजे पूर्ण.
कन्या नववीत. वाचनालयात दर शनिवारी तिच्या वयाची मुलं जमतात आणि एकेक जण आपल्या आवडीची रहस्यकथा इतरांना सुचवतो. नियम एकच, खुनी कोण ते सांगायचं नाही. पुढच्या शनिवारी पाळी तिची. चारचौघांत बोलायचं म्हटलं की तिची बोबडी वळते. म्हणून म्हणाली, बाबा, आधी तू वाच, मग मी तुझ्यासमोर बोलून बघेन. आईला नाही, मला विचारलं! छाती फुगली.

५ जुलै, रविवार. सकाळ
पुस्तक जाड. अक्षर बारीक. रहस्यकथा वाचण्याची माझी स्वतंत्र पद्धत आहे: शेवटचं पान आधी. खुनी कळला की जीव टांगणीला लागत नाही, भाषेचा आस्वाद घेता येतो.
शेवटच्या पानावर माळ्याला बेड्या घालून नेतात. म्हणजे माळी. प्रकरण निकालात. आता सावकाश पहिल्यापासून.

संध्याकाळ
पंखा पुसला. वाचनाला वातावरण लागतं.

८ जुलै, बुधवार
ऑफिसात कामाचा ढीग. मी विम्याचे दावे तपासतो. कोण थापा मारतंय, ते मला फाइल न उघडताच कळतं.
कन्येने विचारलं, कुठवर आलास? म्हटलं, अगदी रंगात आलोय. मग म्हणाली, नर्स कशी वाटली? म्हटलं, प्रेमळ. माझ्याकडे बघतच राहिली. इतकं नेमकं उत्तर अपेक्षित नसावं.

१० जुलै, शुक्रवार
कन्येने बोलून दाखवलं. छान बोलते पोरगी. मधेच विचारलं, विहिरीचा प्रसंग आधी घेऊ की नंतर? विहीर कुठून उगवली कोण जाणे. म्हटलं, तुझ्या मनाला पटेल तसं कर. मुलांना स्वातंत्र्य दिलं पाहिजे.
ही स्वयंपाकघरातून म्हणाली, पुस्तक उघडलंत तरी का? नवऱ्यावर इतका अविश्वास बरा नव्हे.
उद्या पहाटे उठून पहिली शंभर पानं.

११ जुलै, शनिवार
गजर वाजला नाही. म्हणजे वाजला असेल.
वाचनालयात पहिल्या रांगेत बसलो. कन्या उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि अडकली. मला राहवेना. उठून म्हणालो, घाबरू नकोस बेटा, माळ्याने खून किती सफाईने केला तेवढं सांग!
ग्रंथपाल बाईंनी कपाळावर हात मारला. आणि ज्या मुलांनी पुस्तक वाचलं होतं, ती खो खो हसत सुटली. काका, माळी? काका, खरंच माळी?
कन्या माझ्याकडे बघत होती. मग मुलांकडे वळून म्हणाली, फक्त शेवटचं पान वाचणाऱ्याला असंच वाटतं, म्हणून हे पुस्तक पहिल्यापासून वाचा. पुढे न अडखळता बोलली. टाळ्या पडल्या. परत येताना दोन पावलं पुढे चालत होती.

१२ जुलै, रविवार
पुस्तकासाठी वाचनालयात नंबर लागलेत म्हणे. खरं तर माझ्यामुळेच तिचा आवाज मोकळा झाला. मी हे मुद्दाम केलं, असं जेवताना सुचवून पाहिलं. कन्येने पाणी मागितलं. ही म्हणाली, गप जेवा.

१८ जुलै, शनिवार
कन्येने नवी कादंबरी आणली. मी चष्मा पुसून तयारच होतो. नवा संकल्प, पान एकपासून. ती माझ्यासमोरून गेली आणि पुस्तक आईच्या हातात ठेवलं. आधी तू वाच म्हणाली.
म्हटलं, अगं, या आठवड्यात मला वेळच वेळ आहे. तर म्हणाली, तू कशाला त्रास घेतोस बाबा, शेवट मी तुला तोंडी सांगेन.
अगदी प्रेमाने म्हणाली. चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.