आमच्या गल्लीतला खोटा बर्फ

बुधवार, १० जानेवारी

गल्ली मिळाली! म्हणजे आमचीच, जिथे मी लहानाची मोठी झाले. परदेशी चॉकलेटवाल्यांना जाहिरातीसाठी युरोपातला बर्फाळ रस्ता हवा होता. आमच्या मोन्तेविदेओत तो स्वस्तात होतो. फिल्म कार्यालयात साहेबांनी माझी पाठ थोपटली — "यामीला, हे खूश झाले तर वर्षभर इथेच येतील." कॅमेरामन विल्मार नोव्हेंबरपासून घरी बसलाय. त्याच्यासारखे कितीतरी. त्यांना काम मिळवून देणं, हेच तर माझं काम.

अडचण एकच. शूटिंग रविवारी आहे. आणि रविवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत ढोल निघतात — माझ्या आजोबांच्याही आधीपासून.

गुरुवार, ११ जानेवारी

खोटं बोलले.

एल्बियामावशीकडे गेले होते. बाप्तिस्म्याच्या वेळी हिनेच मला हातांवर धरलं होतं. ढोलवाल्यांत तिचाच शब्द चालतो. 'माते' या आमच्याकडच्या कडू चहाचा पेला माझ्यापुढे करत म्हणाली, "आमचा रविवार आजवर कुणी बंद पाडला नाही, पोरी. तू पाडणार?" मी घाबरले आणि तोंडातून निघून गेलं — "बंद कुठे? शेवटी तुमचे ढोलही घेणार आहेत जाहिरातीत!"

तिचा चेहरा काय उजळला! "आम्हाला? आमच्या तोंडांसकट?"

आजवर इथे इतकी शूटिंगं झाली. दर वेळी आम्हाला दारं लावून आत बसवलं. युरोपच्या गल्लीत काळी माणसं शोभत नाहीत ना. हे मला माहीत होतं. तरी बोलले.

शनिवार, १३ जानेवारी

खरं सांगायला गेले होते. देवाशप्पथ. ती नाचाच्या घेरदार झग्याला इस्त्री करत होती. तशीच परत आले.

रविवार, १४ जानेवारी

आमच्याकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, आणि सकाळपासून कागदी बर्फ पडतोय. लोकरी कोटातल्या गोऱ्या नट्या घामाने निथळतायत. आणि दोरीपलीकडे आमची सगळी गल्ली — नटूनथटून, तोंडं रंगवून, गळ्यात ढोल अडकवून. कातडं तापवायला शेकोटी लागते. धूर नको म्हणून तीही पेटवू दिली नाही. एल्बियामावशी पंखा घेऊन खुर्चीत बसलेली. अधूनमधून विचारायची, "आता आमचं का गं?" "आता थोड्याच वेळात." असं दिवसभर! लाज वाटत होती, पण जीभ थांबत नव्हती.

संध्याकाळी परदेशी मंडळी गाड्यांत बसून निघून गेली. गल्ली माझ्याकडे बघत राहिली.

विल्मारने मला बाजूला ओढलं. "काय कबूल करून बसलीस यांना?" सांगितलं. एक सणसणीत शिवी हासडली त्याने. मग आवरून ठेवलेला कॅमेरा पुन्हा खांद्यावर घेतला. "कार्ड ते घेऊन गेलेत, आत काहीच नाही. पण यांना काय कळतंय!" आणि केवढ्यांदा ओरडला — "चला मंडळी, ढोल! ॲक्शन!"

शेकोटी पेटली. खोट्या बर्फावरून ढोल निघाले. या वयात, गुडघे दुखत असताना, मावशी त्या रिकाम्या कॅमेऱ्यापुढे नाचली. मी मान वर केली नाही. आधीच एक खोटं, त्यावर दुसरं — तेही वाजतगाजत!

सोमवार, १५ जानेवारी

परदेशी खूश. आणखी तीन जाहिराती. साहेबांनी पेढे वाटावेत तशी बातमी वाटली. मी मावशीचं दार टाळून लांबच्या रस्त्याने घरी आले.

बुधवार, १७ जानेवारी

मावशीपुढे रडत कबूल केलं — कॅमेरा रिकामा होता.

ती हसतच सुटली. "अगं, विल्मारने भिंगावरचं झाकणसुद्धा काढलं नव्हतं! सगळ्या गल्लीला दिसत होतं."

"मग नाचलात कशाला?"

"तू किती मेल्यासारखी उभी होतीस! म्हटलं, आपलीच पोर आहे, चारचौघांत तिची लाज राखावी."

सगळ्यांना दिसत होतं. मान खाली घातलेली, म्हणून मला एकटीलाच दिसलं नाही.