काठावरची कोंबडी

माय, जूनमधला शाळेचा पहिला सोमवार, सकाळचे आठ, प्रार्थनेची घंटा नुकतीच थांबलेली. त्या वेळी तू माझी तपकिरी कोंबडी उलटी धरून कॉन्व्हेंटच्या फाटकातून आत आलीस आणि सिस्टरच्या हातात दिलीस. मला न विचारता. मी वर्गाच्या खिडकीतून सगळं बघत होते. पाय साडीच्या चिंधीने बांधलेले, पंख लोंबतायत. सिस्टर दोन पावलं मागे सरल्या, तर तू म्हणतेस, "घ्या ना बाई, रोज अंडं देस." धडधडीत खोटं! तिने अंडी घालणं उन्हाळ्यातच सोडलं होतं.

माझं इंग्रजी कच्चं म्हणून शाळेतली जागा जाणार होती, हे मला माहीत होतं. संध्याकाळी तू मजुरीवर आणलेल्या साड्यांचे धागे कापत बसली होतीस. मी भांडले तर मान वर न करता म्हणालीस, "गुरूकडे रिकामा हाते जावानं नही." जागा राहिली. ती कोंबडीमुळे की सिस्टरच्या दयेमुळे, तू कधी सांगितलं नाहीस. कोंबडीचं पुढे काय झालं, ते सिस्टरनीही सांगितलं नाही, आणि विचारायला लागणारं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं.

त्याआधी, त्याच उन्हाळ्यात ती कोंबडी खुडूक बसली तेव्हा तू तिच्याखाली बदकाची अंडी ठेवली होतीस. आपल्याकडे सगळेच ठेवतात. पिल्लं निघाली, तिच्यामागे आपल्या गोडादऱ्याच्या वस्तीत हिंडली, आणि एके दिवशी सरळ खाडीच्या पाण्यात उतरली. ती काठावर धावतेय, ओरडतेय, पंख आपटतेय. मी रडायला लागले. तू पदराआड हसतेस. "तिले वाटस बुडनात. त्या बुडाऊत नहीत, पन तिले कोन सांगी?"

मी पुढे आयुष्यभर विज्ञान शिकवलं. फळ्यावर कोंबडी एका चौकटीत काढली, बदक दुसरीत. आता निवृत्त आहे, आपल्या जुन्या वस्तीजवळच, पर्वत पाटियाच्या फ्लॅटमध्ये एकटी. मुलगा कॅनडात. त्याने परवा एक लेख पाठवला आणि त्याच्या अर्ध्या गुजराती मराठीत म्हणाला, "मम्मी, जो ने, तुझ्या कोंबडीची पणजी सापडली!" युरोपातल्या दगडात एक लहानशी कवटी मिळाली आहे. तोंडाकडून कोंबडीसारखी, मागून बदकासारखी. आकाशातून तो प्रचंड दगड पडून डायनोसॉर संपले, त्याच्या थोडंच आधीची. दात असलेले पक्षी गेले. जंगलं जळाली, त्यांच्याबरोबर झाडांवर राहणारेही गेले. जमिनीवर राहून मिळेल ते टिपणारे थोडे वाचले असावेत, असं म्हणतात. म्हणजे कोंबडी आणि बदक एकाच घरातून निघालेली, माय. फार जुन्या वाटण्या झालेल्या, एवढंच. तुला सांगायला मी चष्मा लावूनच उठले, स्वयंपाकघरापर्यंत गेले. तिथे कोण होतं? कुकर.

रविवारी त्याचा पुन्हा फोन आला. उत्तरायणाला, आपल्या संक्रांतीला, येत नाही म्हणाला, सुट्टी नाही. मी ओरडले. जेवतोस का, इतक्या थंडीत कोण बघतं तुला, तिकडे तुझं आहे कोण. त्याने ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाला, "मम्मी, मी बरा आहे." फोन ठेवल्यावरही मी गॅलरीच्या कठड्याला धरून कितीतरी वेळ तशीच उभी होते. तो बुडत नाहीये, हे मला कळतं. कळून काही उपयोग होत नाही, हे तू तेव्हा सांगायला हवं होतंस. हसायला नको होतंस.

हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार? तांदळाच्या डब्याखाली राहील. तरी विचारते: सिस्टरनी कोंबडीला कापलं की ठेवलं? आणि त्या सकाळी फाटकाबाहेर पडल्यावर तू भिंतीपाशी एवढा वेळ का उभी होतीस? मी खिडकीतून तेही पाहिलं होतं. उत्तरायणाच्या आत लेखी उत्तर पाहिजे. लिहिता येत नव्हतं ही सबब चालणार नाही. अंगठा उठवलास तरी मी ओळखेन.