देखरेखीचा खर्च

पुणे, ९ मे २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींचा गुडघा कसा आहे? कुरडया मिळाल्या. तुझ्या ऋतुजाने अर्ध्या तिच्या येरवड्याच्या वस्तीत वाटून टाकल्या. शेवटी लेक कुणाची! इकडे ऊन मी म्हणतंय.

फोनवर तू विचारतेस, "नोकरी बरी ना गं?" आणि मी भावजींच्या गुडघ्यावर येते. म्हणून लिहायला बसले.

माझ्या नि ऋतुजाच्या युवा सेवादलात नवा नियम आला. सरकारी पैशातून ऑफिसवर ठरल्यापेक्षा जास्त खर्च करायचा नाही. अगं, मीच पेढे वाटले! फलक, शाली, साहेबांची गाडी, सगळ्यावर मीच तर ओरडत होते. पण गाडी 'वस्तीभेट' म्हणून कामाच्या खर्चात बसली. आणि सेवादलाच्या मुलींबरोबर वस्तीत फिरणारी, संध्याकाळी एकेकीला फोन करून "पोचलीस का गं?" विचारणारी मी ऑफिसचा खर्च ठरले. मार्चअखेर घरी बसवलं. साहेब म्हणाले, "मॅडम, नियम तुम्हालाच आवडला होता ना?"

ऋतुजाने शपथ घातली होती, "मावशी, आईला सांगू नकोस." तुला कळलं तर तू तिला परत नेशील आणि हिंमतरावांच्या मुलाशी लग्न लावून देशील, ही तिची भीती. ती खोटी आहे का, तूच सांग. इथे ती म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेते, त्यांची औषधं बघते. पोरगी पहिल्यांदाच ताठ मानेने चालताना दिसली गं. म्हणून गप्प बसले.

पण सोमवारी भर दुपारी गल्लीत एका माणसाने तिचा हात धरला. अडचणीला म्हणून दिलेला नंबर ऑफिसचा, तिने तोच लावला. माझ्या टेबलावरचा तो फोन आता कुणी उचलत नाही. वस्तीतल्या गोदाबाई आजी काठी घेऊन धावल्या, तेव्हा तो पळाला. मनगटावर वळ उठलेत, आणि ही म्हणते, "काही झालं नाही."

मग मी बिनपगारी तिच्याबरोबर जायला लागले. काल साहेबांनी तेही थांबवलं. बाहेरच्या माणसांना परवानगी नाही म्हणे. आज ती एकटी गेली. माझा जीव थाऱ्यावर नाही.

'नमू आहे ना' म्हणून तू तिला पाठवलंस. आता तिथे नमू नाही. तिला घेऊन जा असं लिहवत नाही, राहू दे असंही लिहवत नाही. एवढंच कर ताई, रोज संध्याकाळी तिला तूच फोन कर. "पोचलीस का?" इतकंच विचार. लग्नाचं काढू नकोस, नाहीतर ती तुझाही फोन उचलायची नाही.

बाहेरची ठरलेली,
तुझी नमू